पेपर पुष्कळ झाले, आता तास मोजा

हरित हायड्रोजन, म्हणजे ऊन, वारा, धरण यांच्या विजेनं पाणी फोडून काढलेला हायड्रोजन, याचा विषय निघाला की आमच्या सातारा-सांगलीकडं पहिला प्रश्न पाण्याचा. त्यात नवल काही नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी शिवारात बघायला इथल्या दोन पिढ्या थांबल्या; जतच्या पूर्व भागात अजून उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. अशा ठिकाणी ‘प्यायला पाणी नाही आणि हे निघाले पाणी फोडायला’ असं कुणी म्हटलं तर सभेत टाळ्या पडणारच. पण टाळ्या पडल्या म्हणून हिशेब बरोबर ठरत नाही.

एक किलो हायड्रोजनसाठी रसायनशास्त्राच्या नियमानं ९ लिटर पाणी लागतं. ते शुद्ध करताना थोडं वाया जातं, यंत्र थंड ठेवायला थोडं लागतं. सगळं धरून २५ लिटर म्हणू. एक मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर (विजेनं पाणी फोडणारं यंत्र) चोवीस तास चालला तर दिवसाला साधारण ४६० किलो हायड्रोजन देतो. म्हणजे पाणी साडेअकरा हजार लिटर, एक टँकर. वर्षाचे झाले ४२ लाख लिटर. आता एका एकर उसाला वर्षाकाठी ८० लाख लिटरच्या आसपास पाणी लागतं, पाटानं मोकळं सोडलं तर त्याहून जास्त. थोडक्यात, एक मेगावॉटचा हायड्रोजन म्हणजे अर्धा एकर ऊस. देशानं २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट ठेवलंय. याच दरानं त्या सगळ्याला साडेचार टीएमसी पाणी पुरतं. एकट्या कोयनेची साठवण १०५ टीएमसी आहे.

एक मात्र खरं, की सरासरीनं कुणाची घागर भरत नाही. जतमध्ये प्रकल्प टाकून तिथल्या विहिरींतून रोज एक टँकर उपसायचा म्हटलं तर गावानं विरोध करावा, आणि मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन. पण सांगलीत शेरीनाल्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं कृष्णेत जातंय आणि त्यावर आंदोलनं करून माणसं म्हातारी झाली. इलेक्ट्रोलायझरला नाहीतरी पाणी शेवटच्या थेंबापर्यंत शुद्ध करूनच द्यावं लागतं. मग ते नाल्याचं का नको? पाण्याचा वाद माझ्या मते इथं संपतो.

खरी अडचण विजेची आहे, आणि तिच्यावर सभेत टाळ्या पडत नाहीत.

एक किलो हायड्रोजनला आजच्या यंत्रांवर ५० ते ५५ युनिट वीज लागते. युनिटचे पाच रुपये धरले तरी नुसत्या विजेचेच अडीचशे ते पावणेतीनशे रुपये. नैसर्गिक वायूपासून केलेला हायड्रोजन किलोला दीडशे-दोनशेत पडतो. त्यात किलोमागं ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, पण तो बिलात लिहून येत नाही. एक मेगावॉटचं यंत्र वर्षभर चालवायला ८७ लाखांवर युनिट लागतात. ज्या जिल्ह्यात उपसा योजनांच्या वीजबिलावरून ८१-१९ चा हिशेब वर्षानुवर्षं गाजतो, १९ टक्के शेतकऱ्यानं द्यायचे आणि ८१ सरकारनं, तिथं हा आकडा गंभीरपणे घ्यायला हवा. माझं मत स्पष्ट आहे: दुपारचं सौर वीजेचं युनिट आधी म्हैसाळच्या पंपाला आणि शेतकऱ्याच्या मोटारीला जावं. पंपाला मिळालेली वीज थेट पाणी वर चढवते. तीच हायड्रोजनमध्ये घालून नंतर परत वीज करायची म्हटलं तर निम्म्याहून जास्त वाटेत हरवते. हायड्रोजनवर एसटी चालवण्याच्या घोषणाही याच कारणानं मला पटत नाहीत. ज्या कामाला हायड्रोजनच लागतो, खत आणि तेलशुद्धीकरण, तिथंच तो जावा. (आणि बाजारात मधूनमधून येणाऱ्या ‘पाण्यावर चालणाऱ्या गाडी’च्या किटबद्दल एवढंच: पाणी हे आधीच जळून झालेलं द्रव्य आहे. त्याला पुन्हा जाळता येत नाही.)

हे सगळं नवं आहे असंही नाही. पंजाबात नांगलच्या खत कारखान्यात १९६१ पासून भाक्राच्या जलविजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढत होते आणि त्याचा अमोनिया करत होते. तेव्हा त्याला हरित म्हणायची पद्धत नव्हती, इतकंच. पुढं भाक्राच्या विजेला दुसरी गिऱ्हाईकं मिळाली, वीज महाग झाली आणि ती पद्धत मागं पडली. त्या काळच्या अल्कली यंत्रांत (पाण्यात पोटॅशसारखा अल्कली घालून चालणाऱ्या) इलेक्ट्रोड, म्हणजे वीज पाण्यात सोडणाऱ्या पट्ट्या, पोलादावर निकेलचा मुलामा दिलेल्या. नॅनो वगैरे काही नाही. ती यंत्रं वर्षानुवर्षं चालली. बंद पडली ती विजेच्या दरानं, उत्प्रेरक (क्रिया सोपी करणारा पदार्थ) संपला म्हणून नव्हे.

मग आज कोल्हापूर, सातारा, सांगलीच्या प्रयोगशाळांत उत्प्रेरकांवर जो तो संशोधन का करतोय? कारण आहे, आणि ते चांगलं आहे. पाणी फोडायला सिद्धांतानं १.२३ व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात १.८ ते २ लागतात. वरचा खर्च मुख्यतः ऑक्सिजनच्या बाजूला होतो, कारण तिथं एका रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन एकामागून एक काढावे लागतात आणि प्रत्येक पायरीला गाडी अडते. उत्प्रेरक ही अडचण कमी करतो. दर ०.१ व्होल्टमागं किलोला २.७ युनिट वीज वाचते. पाच रुपयांनी साडेतेरा रुपये. मोठ्या प्रकल्पात ही रक्कम दुर्लक्षून चालत नाही.

दुसरं कारण इरिडियम. जी यंत्रं वारा-ऊन यांच्या कमीजास्त होणाऱ्या विजेशी पटकन जुळवून घेतात, त्या पीईएम (अल्कलीऐवजी प्लास्टिकसारख्या पडद्यावर चालणाऱ्या) प्रकारात ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम लागतं. ते जगात वर्षाला सात-आठ टनच निघतं, त्यातलं बहुतेक दक्षिण आफ्रिकेत. आजच्या तंत्रानं एका गिगावॉटला ४०० किलोच्या आसपास लागतं. आपल्या राष्ट्रीय उद्दिष्टासाठी ६० गिगावॉटची यंत्रं धरली तर २४ टन, म्हणजे साऱ्या जगाचं तीन वर्षांचं उत्पादन एकट्या भारताला. हे होणार नाही. म्हणून निकेल आणि लोखंड. स्वस्त, मुबलक, आणि अल्कलीत टिकाऊ. आणि त्यांचा पृष्ठभाग वाढवायला नॅनोतंतू.

नॅनोतंतू कसा करतात हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. निकेल आणि लोखंडाचे क्षार एका पॉलिमरच्या द्रावणात विरघळवायचे, ते इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरायचं. सुईला पंधरा-वीस हजार व्होल्ट जोडायचे आणि समोर वितीभर अंतरावर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळलेला ड्रम. व्होल्टेज चढवलं की सुईच्या टोकाचा थेंब शंकूसारखा ताणला जातो आणि त्यातून एक बारीक धार निघून हवेतच वाळते. दिसत काहीच नाही. पण अर्ध्या तासानं फॉइलवर पांढुरका थर बसलेला असतो, जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखा, बोटाला चिकटणारा. एकेक तंतू काहीशे नॅनोमीटरचा. माणसाचा केस त्याच्या शेकडो पट जाड. मग भट्टीत ५०० अंशांवर भाजलं की पॉलिमर जळून जातं, थर आक्रसतो, काळपट होतो आणि उरतात निकेल-लोखंडाच्या ऑक्साइडचे तंतू. पावसाळ्यात साताऱ्याच्या दमट हवेत हाच प्रयोग रुसतो. धार नीट वाळत नाही, तंतूंत मणी पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये पोरं डिह्युमिडिफायर लावून बसतात, नाहीतर सरळ दिवाळीची वाट बघतात.

तंतूचा फायदा खरा आहे. पृष्ठभाग प्रचंड, इलेक्ट्रॉनला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाट, आणि तंतूंच्या मधल्या पोकळीतून द्रावण आत येतं, बुडबुडे बाहेर पडतात. भुकटी लावलेल्या इलेक्ट्रोडवर बुडबुडे चिकटून बसतात आणि तेवढी जागा फुकट जाते. इथपर्यंत सगळं झकास.

माझी तक्रार इथून पुढं आहे. पदवी आणि पदव्युत्तरच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळं हे पेपर मी रोज वाचतो. बहुतेकांत मापन एकाच साच्याचं: एक चौरस सेंटिमीटरचा इलेक्ट्रोड, एक मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, खोलीचं तापमान, दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर करंट. त्यावर जादा व्होल्टेज किती मिलिव्होल्ट लागलं तो आकडा, आणि तो आधीच्या पेपरपेक्षा पंधरा-वीसनं कमी. शेवटी ‘स्टॅबिलिटी’: चोवीस तास, फार तर शंभर. कारखान्यातलं अल्कली यंत्र ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, ८० अंशांना, त्याच्या तीसचाळीस पट करंटवर चालतं. आणि ते ६० ते ८० हजार तास चालावं अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते, म्हणजे सात ते नऊ वर्षं. चोवीस तासांच्या आलेखाकडं बघून सात वर्षांबद्दल काही बोलायचं, याला मी संशोधन म्हणायला तयार नाही.

उदाहरण घ्या. पॉलिमर जाळून टाकण्याऐवजी नायट्रोजनमध्ये भाजून त्याचाच कार्बनचा तंतू करायचा आणि त्यात निकेल-लोखंडाचे कण बसवायचे, ही पद्धत सध्या फार चालते. वीज छान वाहते, आकडे सुरेख येतात. पण ऑक्सिजनच्या बाजूला ज्या व्होल्टेजवर काम चालतं तिथं कार्बन स्वतःच हळूहळू ऑक्सिडाइज होतो, म्हणजे जळतोच म्हणा ना. शंभर तासांत ते कळत नाही. हजार तासांत कण बसायला आधारच राहत नाही. हायड्रोजनच्या बाजूचा आणखी एक जुना घोटाळा: ‘प्लॅटिनमविना’ उत्प्रेरक तपासताना समोर प्लॅटिनमचीच तार लावतात. ती थोडीथोडी विरघळून नमुन्यावर बसते आणि नमुना दिवसेंदिवस सुधारत जातो. पेपरात लिहितात, ‘सक्रियता कालांतराने वाढते’. वाढणारच.

सगळ्यात मजेशीर गोष्ट लाइट जाण्याची. एका महाविद्यालयात मी पाहिलेलं आहे: चाचणी लावायची तर महावितरणच्या देखभालीचा दिवस टाळून लावायची, वर यूपीएस, आणि तरीही मध्ये वीज गेलीच तर तो आलेख टाकून नवा करायचा. त्या पोराची चूक नाही. त्याला तुटका आलेख घेऊन गाईडसमोर जाता येत नाही आणि गाईडला तो घेऊन नियतकालिकाकडं जाता येत नाही. पण विचार करा, इलेक्ट्रोलायझरला जर चाळकेवाडीच्या वाऱ्यावर किंवा जतच्या उन्हावर चालायचं असेल तर त्याची लाइट रोजच जाणार. करंट थांबला की सेलमध्ये साठलेले दोन वायू उलट दिशेनं करंट वाहवतात, हायड्रोजनच्या बाजूच्या ऋणाग्रावरचं निकेल ऑक्सिडाइज होतं, चालू केलं की पूर्वपदावर येतं. असं शेकडो वेळा झालं की थर सुटायला लागतो. शिवाय अल्कली यंत्र क्षमतेच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याखाली चालवलं तर हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये मिसळण्याचा धोका वाढतो. म्हणजे टाकून दिलेला तो तुटका आलेखच खरा कामाचा होता.

हे असं का होतं, याचं उत्तर प्रयोगशाळेबाहेर आहे. प्राध्यापकाच्या बढतीचा हिशेब २०१० पासून एपीआयच्या (यूजीसीच्या कामगिरी-निर्देशांकाच्या) गुणांवर आला आणि गुण पेपरवर. पेपर तीन महिन्यांत होतो. हजार तासांची चाचणी ४२ दिवस एक यंत्र अडवून ठेवते आणि शेवटी बहुतेक वेळा ‘नमुना झडला’ एवढंच सांगते. झडला याला गुण नाहीत. पीएचडीसाठी पेपरची सक्ती यूजीसीनं २०२२ मध्ये काढून टाकली, ते बरं झालं. पण सवय सक्तीपेक्षा चिवट असते. पैशाचं वाटपही बघा. केंद्राचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं, १९,७४४ कोटींचं. त्यातले १७,४९० कोटी यंत्रं आणि हायड्रोजन बनवणाऱ्यांच्या प्रोत्साहनाला, संशोधनाला ४०० कोटी. शेकडा दोन. राज्यानंही त्याच वर्षी ८,५६२ कोटींचं हरित हायड्रोजन धोरण आणलं. त्यातला मोठा ओघ बंदरं आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांकडं जाणार आणि जावा. गिऱ्हाईक तिथं आहे. सांगलीत गिगावॉटचा प्रकल्प घेऊन या, असं आमंत्रण देत बसण्यात मला अर्थ दिसत नाही.

सातारा-सांगलीनं मागायची गोष्ट वेगळी आणि लहान आहे: एक चाचणी केंद्र. तळहाताएवढे शंभर सेल, प्रत्येकात २५ चौरस सेंटिमीटरचा इलेक्ट्रोड, ३० टक्के अल्कली, ८० अंश, कारखान्याइतका करंट. या शंभर सेलना मिळून फोडायला वीज किती लागेल? दोन किलोवॉट. तीन एचपीच्या मोटारीची गोष्ट आहे. तापवायला आणखी थोडी. करंटचा चढउतार हवा तसा न ठेवता चाळकेवाडीच्या एका पवनचक्कीचा आणि जतच्या एका सौर प्रकल्पाचा वर्षभराचा आलेख घालून तसाच चालवायचा: आषाढातला जोर, मार्गशीर्षातली मरगळ, दुपारी ढग आला की येणारा खड्डा, सगळं. कुठल्याही महाविद्यालयानं नमुना पाठवावा, हजार तास पुरे होईपर्यंत तो आत राहील, आणि नमुना झडला तरी निकाल जाहीर होईल. केंद्रानं चाचणी सुविधांसाठी २०२४ मध्ये २०० कोटींची योजना काढलेली आहे. पण बाजारात यायच्या यंत्राची तपासणी ही एक गोष्ट आणि कॉलेजातल्या पोराचा बोटभर नमुना ही दुसरी. त्या दुसऱ्याला माझ्या माहितीप्रमाणं आज कुठंच दार नाही.

इथंच का, याची कारणं भावनेची नाहीत. किर्लोस्करवाडीत १९१० पासून यंत्रं बनतात आणि पंपाची माणसं तिथं पिढीजात आहेत. गरम अल्कली खेळवणारा पंप हा अशा केंद्रातला सगळ्यात कटकटीचा भाग. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत सेलच्या प्लेटा कापून देणारे कारखानदार आहेत. शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या पातळ थरांवरचं काम जुनं आणि नावाजलेलं आहे. साताऱ्यात कर्मवीरांची ‘कमवा आणि शिका’ परंपरा आहे. हजार तासांच्या चाचणीत रात्री तीनला तापमान बघणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम शिकत असलेल्या आणि त्याचा मोबदला मिळणाऱ्या मुलानं करावं यापेक्षा चांगलं काय!

आणि उद्या यातून खरंच एखादा टिकाऊ इलेक्ट्रोड निघाला, तर त्याचं पहिलं गिऱ्हाईकही फार लांब नाही. युरियाला अमोनिया लागतो तसा कार्बन डायऑक्साइडही लागतो. आमच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबते तेव्हा जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो, इथेनॉलच्या लिटरमागं पाऊण किलो. एका मेगावॉटच्या वर्षाच्या हायड्रोजनमधून कागदावर सोळाशे टनांच्या वर युरिया होतो, ४५ किलोची ३७ हजार पोती. अमोनियाचे इतके लहान कारखाने आज परवडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून कागदावर म्हटलं. पण आज युरियाच्या पोत्यामागं आयात केलेला वायू आणि सरकारी अनुदान आहे, हेही त्याच कागदावर लिहायला हवं. ऑक्सिजनचं सोपं आहे. हायड्रोजनच्या किलोमागं आठ किलो निघतो. तेवढ्याच यंत्राचा दिवसाला पावणेचार टन, साडेतीनशेच्या वर जंबो सिलिंडर. शुद्ध करून, दाबून भरावा लागेल. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावाला २०२१ नंतर त्याची किंमत समजावून सांगायची गरज नाही.

माझे काही सहकारी म्हणतील की आम्ही मूलभूत संशोधन करतो, टिकाऊपणा हे कारखान्याचं काम. मान्य. मूलभूत प्रश्न विचारावेत, अगदी खुशाल विचारावेत. पण मग निधीच्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात ‘स्वस्त हरित हायड्रोजनसाठी’ असं लिहू नये. ते लिहून पैसे घेतले की तासांचा हिशेब द्यावा लागतो.

अशा केंद्रात पहिल्या वर्षी काय होईल याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको. आलेल्या नमुन्यांतले निम्मे पंधरा दिवसांत झडतील; काहींचा तंतू तुटेल, काहींचा कार्बन जाईल, काहींचं लोखंड विरघळून अल्कलीत उतरेल. कुठला कशानं गेला हे तंतू उलगडून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून लिहिणारा एखादा प्रबंध तयार होईल, ज्यात एकही विक्रमी आकडा नसेल. त्या मुलाला पीएचडी द्यायची की नाही आणि त्याच्या गाईडला गुण किती, हे विद्यापीठानं आधी लेखी सांगावं. जागा, सेल आणि दोन किलोवॉट वीज नंतर मागता येईल.